लॉरेन्स एक्सप्रेसवेचा सिग्नल कोणाचा? सांता क्लारा काउंटीचे बोर्ड चालते कसे आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही कॅलिफोर्नियातल्या कूपरटिनोत राहतो. लॉरेन्स एक्सप्रेसवे पायी ओलांडताना आई-वडिलांना सिग्नल पुरत नाही. उलटे आकडे शून्यावर येतात तेव्हा ते अजून मधल्या दुभाजकापाशी असतात. सिटीला फोन केला तर ‘रस्ता आमचा नाही, काउंटीचा’ असे सांगितले. काउंटीचे बोर्ड ऑफ सुपरवायझर्स नक्की करते काय? आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, मत नाही. तिथे जाऊन बोलता येते का? बोलून काही होते का?

उत्तर:

बोलता येते. नागरिकत्व लागत नाही, मतदार असावे लागत नाही, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. पण तुमच्या सिग्नलसाठी बहुधा बोर्डापर्यंत जावेच लागणार नाही. आणि ज्या कामाला बोर्डच लागते, त्यात मीटिंगच्या दिवशी माइकपुढे उभे राहणे म्हणजे बऱ्याचदा वरातीमागून घोडे असते. बोर्डाच्या मंगळवारच्या मीटिंगमध्ये जे मत पडते त्याची तयारी कित्येक आठवडे आधी कागदावर झालेली असते. तो कागद कुठे तयार होतो हे कळले की अर्धे काम झाले.

आधी सिग्नल. सांता क्लारा काउंटीत आठ एक्सप्रेसवे आहेत: लॉरेन्स, सॅन टोमास, मॉन्टेग्यू, सेंट्रल, फूटहिल, अल्माडेन, कॅपिटॉल आणि ओरेगन–पेज मिल. मिळून सुमारे ६२ मैल. सिटीच्या पोटातून जात असले तरी ते काउंटीच्या रोड्स अँड एअरपोर्ट्स खात्याचे. सिग्नलही त्याच खात्याचा. पायी चालणाऱ्यांना किती सेकंद द्यायचे हे कोणी अंदाजाने ठरवत नाही. रस्त्याची रुंदी भागिले चालण्याचा वेग, असा हिशेब असतो. नेहमीचा वेग सेकंदाला ३.५ फूट धरतात. मात्र कॅलिफोर्नियाच्या वाहतूक-चिन्हांच्या नियमपुस्तिकेत अशी सूचना आहे, की जिथे वृद्ध किंवा अपंग माणसे नेहमी रस्ता ओलांडतात तिथे २.८ फुटांचा वेग विचारात घ्यावा. समजा तुमचा क्रॉसिंग ११० फूट आहे. ३.५ ने भागले तर साधारण ३१ सेकंद, २.८ ने भागले तर ३९. तुमच्या आई-वडिलांना कमी पडतात ते हे आठ सेकंद.

म्हणून खात्याला लिहिताना ‘सिग्नल फार कमी आहे’ एवढेच लिहू नका. चौक कोणता, कोणत्या बाजूचा क्रॉसिंग, तीन वेगवेगळ्या दिवशी घड्याळ लावून मोजलेले सेकंद, आणि ‘इथे ज्येष्ठ मंडळी रोज चालतात, २.८ फुटांच्या वेगाने वेळ पुन्हा काढावी’ ही मागणी लिहा. अशा पत्राला इंजिनिअरला उत्तर द्यावेच लागते, कारण त्यात तपासण्याजोगे काहीतरी असते. तिकडून एक हरकत येण्याची शक्यता आहे: एक्सप्रेसवेचे सिग्नल एकमेकांशी जुळवलेले असतात, आठ सेकंद इथे वाढवले तर मागे रांग लागते. तेव्हा बटण जास्त वेळ दाबून धरल्यावरच जादा सेकंद मिळतील अशी सोय करता येईल का, हे विचारा. ती सोय नियमांत बसते आणि गाड्यांना दर फेरीला भुर्दंड पडत नाही.

याच जागी पादचारी पूल हवा असेल तर मात्र गोष्ट बदलते. तो भांडवली खर्च. त्याला बोर्ड लागते.

बोर्डात पाच सुपरवायझर असतात. नाव ऐकून कारखान्यातला किंवा परीक्षेच्या हॉलमधला सुपरवायझर डोळ्यांपुढे येतो, पण हे निवडून आलेले लोकप्रतिनिधी आहेत. मुदत चार वर्षांची, सलग तीन वेळांची मर्यादा, मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या १९,३६,२५९ होती; म्हणजे एका सुपरवायझरमागे सुमारे ३ लाख ८७ हजार माणसे. महाराष्ट्राची २०११ ची लोकसंख्या २८८ ने भागा, जवळजवळ तेवढाच आकडा येतो. एका आमदाराएवढा मतदारसंघ, आणि सभागृहात असे फक्त पाच जण. त्यामुळे एकेका मताला फार वजन आहे. तीन मते म्हणजे बहुमत.

जिल्हा परिषदेशी तुलना करायचा मोह होतो, आणि ती थोडी चालतेही, पण दोन ठिकाणी फसवते. जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य सरकार पाठवते. इथला काउंटी एक्झिक्युटिव्ह बोर्डच नेमते आणि बोर्डच काढू शकते. दुसरे म्हणजे जिल्हा परिषद ग्रामीण भागापुरती असते. काउंटी शहरांच्या वरूनही पसरलेली आहे, पण तिचा हात प्रत्येक कामात सारख्याच लांबीचा नाही.

टोलवाटोलवी होते ती इथेच. काउंटीत पंधरा सिट्या आहेत. घरबांधणीचे नियम, झोनिंग, गल्लीतले रस्ते, पार्किंग ही कामे सिटीच्या हद्दीत सिटीची. काउंटीची ऑर्डिनन्स, म्हणजे स्थानिक कायदे, बहुतेक वेळा फक्त सिटीबाहेरच्या, म्हणजे अनइन्कॉर्पोरेटेड, भागाला लागू होतात. गंमत अशी की टपालाच्या पत्त्यावर सॅन होजे लिहिलेले असूनही जागा काउंटीच्या हद्दीत असू शकते. बर्बँक आणि अॅलम रॉकच्या बाजूला असे तुकडे आहेत. तिथे घरामागे खोली बांधायची असेल आणि माणूस सिटीच्या काउंटरवर रांग लावून बसला तर महिना वाया जातो. परवानगीच्या कामाला लागण्याआधी पार्सल नंबरवरून (जमिनीच्या तुकड्याचा सरकारी क्रमांक) हद्द तपासावी, पत्त्यावर विसंबू नये.

याउलट सार्वजनिक आरोग्य, रेस्टॉरंटची तपासणी, तुरुंग, निवडणूक, मालमत्ता कर, मेडी-कॅल (कमी उत्पन्नवाल्यांचा आरोग्य विमा) आणि कॅलफ्रेश (अन्नासाठी मदत) यांसारख्या योजना, ही कामे काउंटी सगळ्यांसाठी करते, सिटी असो वा नसो. उपाहारगृहाच्या दारावरचा हिरवा, पिवळा किंवा लाल फलक काउंटीचा. मार्च २०२० मध्ये घरात राहण्याचा हुकूम निघाला तो काउंटीच्या हेल्थ ऑफिसरचा. कूपरटिनो किंवा सनीव्हेलच्या कौन्सिलला त्यात मत नव्हते.

घरगुती डब्याचा धंदा करणाऱ्यांसाठी एक खास मुद्दा. कॅलिफोर्नियात घरच्या स्वयंपाकघरातून गरम जेवण विकायला २०१८ च्या राज्य कायद्याने वाट करून दिली, पण काउंटीच्या बोर्डाने ठराव किंवा ऑर्डिनन्स करून होकार दिल्याशिवाय ती योजना त्या काउंटीत सुरूच होत नाही. होकार दिला की हद्दीतल्या सिटीला मनाई करता येत नाही. मर्यादा आहेत: दिवसाला ३० जेवणे, आठवड्याला ९०. व्हॉट्सअॅपवर पोळीभाजीचे डबे घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते, की आपल्या शेजारच्या काकूंचा धंदा कायदेशीर की बेकायदा हे ठरवणारी सभा सॅन होजेत भरते.

तुमच्या कूपरटिनोत तर काउंटी घराघरात आहे, फक्त पाटी वाचलेली नसते. तुमचे पोलीस सिटीचे नाहीत. सिटी करार करून शेरीफची सेवा विकत घेते. साराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्सही तसेच करतात. तुमचा अग्निशमन बंब काउंटी फायरचा, आणि त्या फायर डिस्ट्रिक्टचे संचालक मंडळ म्हणजे हेच पाच सुपरवायझर, दुसरी टोपी घालून. वाचनालय काउंटी लायब्ररी डिस्ट्रिक्टचे. पाणी मात्र यात नाही: व्हॅली वॉटर हा वेगळा, स्वतः निवडून येणाऱ्या संचालकांचा डिस्ट्रिक्ट. शाळाही नाहीत, त्यांची बोर्डे वेगळी. बसचा व्हीटीए वेगळा, त्याच्या संचालकांत सिटी कौन्सिलचे लोक आणि सुपरवायझर दोन्ही बसतात. पाण्याची तक्रार घेऊन सुपरवायझरच्या ऑफिसात गेलात तर ते नम्रपणे ऐकून घेतील आणि दुसरा नंबर देतील.

बोर्डाला कोणाकोणाला हुकूम देता येत नाही, हेही माहीत हवे. असेसर (मालमत्तेचे मूल्य ठरवणारा), डिस्ट्रिक्ट अॅटर्नी (सरकारी वकील) आणि शेरीफ हे तिघे स्वतंत्रपणे निवडून येतात. मुंबईचा शेरीफ हा मानाचा, समारंभाचा पाहुणा. इथला शेरीफ तुरुंग आणि गस्त सांभाळतो. बोर्ड त्यांचे बजेट ठरवते, पण त्यांना काढू शकत नाही. २०२१ मध्ये बोर्डाने तेव्हाच्या शेरीफवर अविश्वास दाखवला. त्याचा कायदेशीर परिणाम शून्य. प्रकरण पुढे सिव्हिल ग्रँड ज्युरीच्या (सामान्य नागरिकांचे चौकशी मंडळ) आरोपांवरून कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये निकालाच्या तोंडावर त्या पायउतार झाल्या. शेजारच्या सॅन मटेओ काउंटीत मतदारांनी मार्च २०२५ मध्ये सनदेत, म्हणजे काउंटीच्या मूळ नियमावलीत, बदल करून शेरीफला काढण्याचा अधिकार बोर्डाला दिला, आणि त्याच वर्षी तिथल्या बोर्डाने शेरीफला पदावरून काढले. सनदेत काय लिहिले आहे यावर इतका फरक पडतो.

मालमत्ता कराबाबतही असेच. ‘असेसमेंट जास्त लावली’ म्हणून सुपरवायझरला पत्र लिहिणे व्यर्थ आहे. मूल्य ठरवण्यात बोर्डाचा हात नाही. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ या, मतदारांनी मंजूर केलेल्या राज्याच्या नियमाप्रमाणे मूळ दर १ टक्का, वर मतदारांनी मंजूर केलेले रोखे, आणि मूल्यात वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढ. २०२२ मध्ये २० लाख डॉलरला घेतलेले घर २०२४ च्या यादीत २०,८०,८०० पर्यंत जाते. त्या वर्षीच्या १ जानेवारीला बाजारभाव १९ लाख असेल तर तात्पुरती कपात मागता येते. असेसरने ऐकले नाही तर २ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात असेसमेंट अपील्स बोर्डाकडे अर्ज करायचा. पुरावा म्हणून जवळच्या घरांच्या विक्रीचे आकडे द्या, पण ३१ मार्चनंतरची विक्री देऊ नका, ती धरत नाहीत. अपील चालू असले तरी १० डिसेंबर आणि १० एप्रिलचे हप्ते भरायचेच. चुकले की १० टक्के दंड. नव्या घरमालकांना आणखी एक खड्डा लागतो: घर घेतल्यावर येणारे सप्लिमेंटल बिल (मूल्य बदलल्याने येणारे जादा कराचे बिल) बँकेकडे जात नाही, थेट तुमच्याकडे येते. ‘एस्क्रोतून (बँकेने करासाठी ठेवलेल्या खात्यातून) भरले जाईल’ म्हणून ते टेबलावर पडून राहते.

आता पैसा, कारण बोर्डाची खरी ताकद तिथेच आहे आणि खरी हतबलताही. काउंटीचे वार्षिक बजेट १३ अब्ज डॉलरच्या घरात आहे. आकडा ऐकून वाटते की एका पादचारी पुलाला काय तोटा? पण यातला मोठा भाग राज्य आणि केंद्राकडून ठरावीक योजनांसाठी येतो आणि त्याच योजनांवर जातो. आणखी मोठा भाग रुग्णालयांचा. राज्याच्या कायद्याने गरिबांच्या उपचारांची शेवटची जबाबदारी काउंटीवर आहे. सांता क्लाराने ती अंगावर घेतली असे म्हणायला हवे. व्हॅली मेडिकल सेंटर होतेच. २०१९ मध्ये दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीकडून ओ’कॉनर आणि सेंट लुईज ही दोन रुग्णालये सुमारे २३.५ कोटी डॉलरना घेतली, आणि २०२५ मध्ये रिजनल मेडिकल सेंटर. मेडी-कॅलचा केंद्राचा पैसा आटला की खड्डा थेट काउंटीच्या तिजोरीत पडतो.

मग कर. इथे एक बारीक भेद आहे, तो मत देणाऱ्यांनी नीट समजून घ्यावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारांनी मेझर ए (मेझर म्हणजे मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) मंजूर केले: विक्रीकरात ०.६२५ टक्क्याची भर, पाच वर्षांसाठी. हजार डॉलरच्या खरेदीवर सव्वासहा डॉलर. प्रचार रुग्णालयांच्या नावाने झाला, पण कर ‘जनरल’ प्रकारचा होता, म्हणून साधे बहुमत पुरले. त्याची दुसरी बाजू अशी, की तो पैसा रुग्णालयांवरच खर्च होईल अशी कायदेशीर बांधणी नाही; दर जूनमध्ये बोर्डाची तीन मते ते ठरवतात. याउलट २०१६ चे परवडणाऱ्या घरांसाठीचे ९५ कोटी डॉलरचे रोखे दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाले आणि तो पैसा घरांनाच बांधलेला आहे. त्याचेही नाव मेझर ए होते. २००८ च्या रुग्णालय-रोख्यांचेही मेझर ए, २०१२ च्या विक्रीकराचेही मेझर ए, आणि वर सांगितलेले सॅन मटेओचेही मेझर ए. वर्ष सांगितल्याशिवाय या नावाला अर्थ नाही.

उद्यानांचा पैसाही असाच कुलूपबंद आहे. १९७२ मध्ये मतदारांनी मालमत्ता कराचा एक हिस्सा उद्यानांसाठी सनदेने राखून ठेवला. म्हणून एकीकडे दवाखान्यात कपात आणि दुसरीकडे वासोना लेकला नवी वाट, असे एकाच वर्षी दिसते. लोक चिडतात. पण तो पैसा उचलून इकडे टाकणे बोर्डाच्या हातात नाही.

पैसे मागायचे असतील तर वेळापत्रक पाठ करा. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. खाती आपल्या मागण्या हिवाळ्यातच एक्झिक्युटिव्हकडे देतात. मेच्या सुरुवातीला शिफारस केलेले बजेट बाहेर पडते, मेमध्ये कार्यशाळा, जूनमध्ये सुनावणी आणि मंजुरी. जूनला मुख्य बजेट तीन मतांत मंजूर होते. वर्षाच्या मध्ये राखीव निधीतून किंवा अनपेक्षित उत्पन्नातून पैसा काढायचा तर चार पंचमांश, म्हणजे पाचांपैकी चार मते लागतात. तुमची मागणी फेब्रुवारीत सुपरवायझरच्या टेबलावर असेल तर तिला तीन माणसे पटवायची आहेत. सप्टेंबरमध्ये आली तर चार. एवढ्याने पुष्कळ चांगल्या मागण्या पडतात.

आता मंगळवारची मीटिंग. सॅन होजेत ७० वेस्ट हेडिंग स्ट्रीटला, साधारण महिन्यातून दोनदा, सकाळी भरते. दूरस्थ पद्धतीनेही बोलता येते. सगळ्याचा पाया १९५३ चा ब्राउन अॅक्ट, म्हणजे खुल्या सभांचा राज्य कायदा. नियमित मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, तातडीच्या विशेष मीटिंगचा २४ तास. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर बोर्ड निर्णय घेऊ शकत नाही. म्हणूनच ‘पब्लिक कमेंट’मध्ये तुम्ही पोटतिडकीने बोलता आणि पाचही जण गप्प बसून राहतात. तो उद्धटपणा नव्हे. कायद्याने त्यांना जेमतेम एखादे वाक्य उत्तर देता येते किंवा कर्मचाऱ्यांकडे विषय सोपवता येतो.

अजेंड्यावरच्या प्रत्येक विषयाला एक लेजिस्लेटिव्ह फाइल जोडलेली असते. ती उघडून वाचा. बातमीपेक्षा तिथे जास्त कळते. शिफारस, आर्थिक परिणाम, कारणे, मुलांवर परिणाम, ज्येष्ठांवर परिणाम, पर्यावरण, पार्श्वभूमी, आणि ‘मंजूर न केल्यास काय होईल’ अशी ठरलेली शीर्षके असतात. मी वाचताना शेवटचे शीर्षक आधी वाचतो. तिथे ‘करार संपेल आणि सेवा बंद पडेल’ असे असेल तर तो विषय अडवणे जवळजवळ अशक्य. ‘शिफारस केलेली कृती होणार नाही’ एवढेच कोरडे वाक्य असेल तर अजून वाव आहे. ज्येष्ठांवरच्या परिणामाखाली ‘काहीही परिणाम नाही’ असे सवयीने लिहिलेले असते. तुमच्यासारख्यांनी बोट ठेवावे अशी ती जागा.

बरेच विषय ‘कन्सेंट कॅलेंडर’वर असतात, म्हणजे चर्चा न करता एका मतात सगळे मंजूर. लाखो डॉलरचे करार तिथून जातात. आपला विषय तिथे दिसला तर ते कॅलेंडर पुकारताच बोलायला हवे. दुपारी येऊन ‘आमचा आयटम कधी?’ विचारणाऱ्यांना कळते की तो सकाळी पावणेदहालाच झाला.

बोलायला एक ते तीन मिनिटे, किती लोक आहेत त्यावर अध्यक्ष ठरवतात. तीन धरून तयारी करून येणारे हमखास फसतात. एका मिनिटाचे भाषण लिहा, म्हणजे इंग्रजीत १३० शब्द. पहिल्या वाक्यात आयटम क्रमांक आणि बाजू. दुसऱ्यात तुम्ही कुठे राहता. मग एक आकडा, एक प्रसंग, आणि शेवटी नेमकी मागणी: ‘खात्याने ९० दिवसांत या चौकाचा अहवाल समितीपुढे आणावा.’ आभार मानत सुरुवात केली तर वीस सेकंद तिथेच जातात.

पण मी आधी म्हटले तसे, कागद तयार होतो तो त्याआधी. बोर्डाच्या पाच धोरण समित्या आहेत: अर्थ व प्रशासन; आरोग्य व रुग्णालये; मुले, ज्येष्ठ व कुटुंबे; सार्वजनिक सुरक्षा व न्याय; आणि गृहनिर्माण, जमीन वापर, पर्यावरण व वाहतूक. प्रत्येकीत दोनच सुपरवायझर. दोनच का? कारण तिसरा आला की बोर्डाचे बहुमत झाले. त्याच कारणाने तीन सुपरवायझर एकमेकांशी खासगीत विषय बोलू शकत नाहीत, एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला सांगून साखळीनेही नाही. पाचही जणांना एकाच ईमेलमध्ये टाकून ‘तुमचे मत कळवा’ लिहिले की उत्तर येत नाही, ते यामुळे; एकाने ‘रिप्लाय ऑल’ केले तर नियमभंगाचा धोका. प्रत्येकाला वेगळे लिहा, आणि बोर्डाच्या क्लार्ककडे प्रत द्या म्हणजे ती फाइलला जोडली जाते.

तुमच्या पुलाचा रस्ता असा: आपल्या डिस्ट्रिक्टच्या (मतदारसंघाच्या) सुपरवायझरच्या ऑफिसात त्या विषयाची धोरण-सहायक असते तिची वेळ मागा. सुपरवायझर स्वतः भेटले नाहीत म्हणून नाराज होऊ नका. मसुदा तीच लिहिणार असते. एक पान न्या. सुपरवायझर बोर्डापुढे ‘रेफरल’ आणतात, खात्याला अभ्यास करून यायला सांगतात, अहवाल वाहतुकीच्या समितीपुढे येतो. समितीत माणसे कमी असतात, दोन सुपरवायझर प्रश्न विचारतात, खात्याचे लोक समोर असतात. तिथली दोन मिनिटे बोर्डापुढच्या दोन मिनिटांपेक्षा कितीतरी मोलाची. खात्यातल्या एखाद्या इंजिनिअरला थेट हुकूम द्या असे सुपरवायझरला सांगू नका. एकेकट्या सुपरवायझरला तो अधिकार नाही, काम एक्झिक्युटिव्हमार्फत चालते.

विषय कायदा करण्याचा असेल तर शब्द नीट धरा. इथला ‘ऑर्डिनन्स’ म्हणजे आपल्याकडचा अध्यादेश नव्हे. तो काउंटीचा पूर्ण कायदा. एका मीटिंगमध्ये मांडायचा, मध्ये किमान पाच दिवस जाऊ द्यायचे, मग मंजुरी, आणि मंजुरीनंतर ३० दिवसांनी अंमल. ताबडतोब लागू करायचा तर चार मते. याचा अर्थ, पहिल्या मांडणीला हरलात तरी बदलाला एक संधी उरते. बहुतेक लोक मात्र दुसऱ्या वाचनाला येतात, तेव्हा मजकुरात मोठा बदल करायचा तर पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागते आणि ते कोणालाच नको असते.

कायद्याविनाही बोर्ड मालक म्हणून निर्णय घेते. रीड-हिलव्ह्यू विमानतळ काउंटीचा. आजूबाजूच्या मुलांच्या रक्तातल्या शिशाच्या अभ्यासानंतर बोर्डाने ऑगस्ट २०२१ मध्ये ठरवले, आणि १ जानेवारी २०२२ पासून तिथे शिसेयुक्त विमान-इंधनाची विक्री बंद झाली. केंद्राच्या विमान खात्याशी वाद ओढवला तो वेगळा. पण तिथल्या रहिवाशांनी हे एका मीटिंगमध्ये मिळवले नव्हते.

मंडळींपैकी कोणाचा काउंटीशी परवाना किंवा करार चालू असेल तर एक सावधगिरी: निर्णयाच्या आधीच्या १२ महिन्यांत ५०० डॉलरपेक्षा जास्त निवडणूक देणगी दिली तर त्या सुपरवायझरला त्या विषयातून बाहेर पडावे लागते. आपलाच समर्थक मतदानाला मुकतो.

सिग्नलकडे परत यायचे तर खात्याने दाद दिली नाही तर पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्टखाली (इथला माहितीचा अधिकार) त्या चौकाचे सिग्नल टायमिंग शीट आणि शेवटचा पादचारी अभ्यास मागा. हा हक्क ‘कोणत्याही व्यक्ती’ला आहे, व्हिसावर असलेल्यालाही. देता येईल की नाही हे १० दिवसांत कळवावे लागते, खास कारण असेल तर आणखी १४ दिवस. शीटवर चालण्याचा वेग किती धरला आहे ते दिसेल. ३.५ दिसला तर पत्रात घालायचे वाक्य तयारच आहे.

आणि समितीपुढे शक्यतो तुम्ही बोलू नका, आई किंवा वडिलांना बोलू द्या, मराठीतच. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला ब्राउन अॅक्टप्रमाणे किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो: दोन मिनिटांची चार होतात. शेजारी उभे राहून तुम्हीच इंग्रजी करून सांगणार असाल तर ते क्लार्कला आधी कळवा, म्हणजे घड्याळ तसे लावले जाईल. वाक्ये छोटी ठेवायला सांगा, एका दमात तीन वाक्ये झाली की भाषांतरात आकडा हरवतो. आणि आकडा त्यांच्याच तोंडून येऊ द्या: ‘एकतीस सेकंदांत मी मधल्या दुभाजकापर्यंत पोहोचते.’